झुल्मिराच्या सज्ज्याखालची पट्टी

आदेलिनो फुर्तादो चालता चालता मध्येच थांबतो आणि कुणाच्याही घराच्या भिंतीला अंगठा लावून दाबून बघतो. घर ओळखीचं असो नसो, मालक दारात उभा असो नसो, तो विचारत नाही. सज्ज्याखाली, खिडकीच्या कोपऱ्याशी, जिथं पाणी मुरायची शक्यता तिथं अंगठा टेकवतो, कान भिंतीजवळ नेतो आणि पुढे जातो. आमच्या या गिरण्यांच्या गावात, फॉल रिव्हरमध्ये, नव्यानं राहायला आलेली माणसं आधी घाबरतात, मग चिडतात. अशा वेळी शेजारची एखादी बाई त्यांना बाजूला घेऊन सांगते, "दाबू द्या हो त्याला. आणि दाबून झाल्यावर तो तिथंच उभा राहिला, तर उशीर करू नका, सुतार बोलवा."

पूर्वी आम्ही त्याला डिंक्या म्हणायचो. अगदी तोंडावर. समुद्रापलीकडच्या पोर्तुगीज बेटांवरून आलेल्या आमच्या लोकांत टोपणनावाशिवाय माणूस सापडायचा नाही, आणि हे नाव त्याला आवडायचंही. इथली घरं लाकडाची, आणि लाकडावर प्लास्टिकच्या लांब आडव्या पट्ट्या जडवलेल्या. हिवाळ्यात छपरावरून बर्फाचा गड्डा सुटला की पट्टी तडकते, उन्हाळ्यात कुणाचं तरी कार्टं चेंडू मारतं नि भोक पडतं. दुसरे कारागीर दुकानातून कोरी पट्टी आणून बसवायचे, आणि ती जुन्या भिंतीवर कवळीच्या दातासारखी चमकत राहायची. आदेलिनोची रीत वेगळी. तो घराच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांआड जायचा, समोरच्या भिंतीइतकंच ऊन खाल्लेली पट्टी तिथून काढायचा आणि कोरी पट्टी त्या आडोशाला लावून टाकायचा. मग जुनीचा तुकडा बेतून कापायचा, पाठ घासून खरखरीत करायचा, डिंकाची नागमोडी रेघ सोडायचा आणि तळहातानं दाबून असा बसवायचा, की दुसऱ्या दिवशी मालकच विचारायचा, "भोक नेमकं कुठं होतं हो?"

आता यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. या पट्ट्यांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. आत शिरलेलं पाणी तिथून गळून जावं, लाकूड सुकावं, म्हणून. ती बुजवायची नसतात हे कुठलाही नवशिका सांगेल. पण आमच्या लोकांना जोडाची रेघ खपत नाही. गिरणीत जन्म झिजवून घेतलेलं घर, त्याचं तोंड रस्त्यावरून नितळ दिसलं पाहिजे, मग आत काही का होईना. आणि डिंक्याचं नाव झालं होतं ते तर रेघ नाहीशी करण्यावर. तो खालची कडही डिंकानं भरून टाकायचा. बडा घर पोकळ वासा म्हणतात. आमच्या आळीत बडं घर एकही नव्हतं, पण वाशांचं काय चाललं होतं देव जाणे.

त्याची थोरली बहीण झुल्मिरा. नवरा केव्हाच गेलेला, दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर ही, खाली मुलगी लिद्या. लिद्या लहानपणी तापानं इतकी खंगली होती की डॉक्टरांनी मान हलवली होती. तेव्हा झुल्मिरानं नवस केला, की माझी पोर जगू दे, मी पवित्र आत्म्याचा मुकुट घरात ठेवीन आणि तो माझ्या दारातून निघताना माझ्या हातानं त्याच्यावर फुलं उधळीन. पोर जगली. नवस मात्र राहिला, कारण मुकुट असा मागून मिळत नाही. दर वर्षी पवित्र आत्म्याच्या सणाला वाडग्यातून चिठ्ठ्या निघतात, सात घरं ठरतात, आणि ईस्टरनंतरचे सात आठवडे मुकुट त्या घरांत एकेक आठवडा मुक्काम करतो. झुल्मिराचं नाव वर्षानुवर्षं वाडग्यात पडून होतं. लिद्याचे केस पिकायला लागले तरी निघालं नाही. म्हातारी रात्री दचकून उठायची म्हणे, देव आपलं देणं वसूल करायला येतोय असं वाटून.

आणि मग एका वर्षी निघालं. तेही सातवं, शेवटचं, सगळ्यांत मानाचं घर. त्याच घरातून रविवारी बँड लावून मिरवणूक चर्चला निघते. झुल्मिरा भर सभागृहात खाली बसली आणि पोरीसारखी रडली. आदेलिनोचं नावही त्याच वाडग्यात होतं, त्याचंही कधी निघालं नव्हतं. तो टाळ्या वाजवत होता, पण जरा उशिरानं. हे झुल्मिरानं पाहिलं आणि मनात ठेवलं.

त्या हिवाळ्यात वरच्या सज्ज्याच्या मुळाशी, रस्त्याच्या बाजूलाच, बर्फ पडून पट्टी फुटली. ईस्टर झाल्यावर तिनं भावाला बोलावलं.

आदेलिनो शिडी लावून चढला. फुटक्या पट्टीखालून तपकिरी ओघळ आला होता. त्यानं भगदाडातून बोट घातलं आणि आतल्या लाकडावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. लाकडात अंगठा जात नसतो. सज्जा पुढच्या बाजूनं दोन खांबांवर आणि मागच्या बाजूनं भिंतीत ठोकलेल्या एका लांब फळीवर उभा होता, आणि ही तीच फळी होती. आणि हाच कोपरा त्यानं स्वतः काही वर्षांपूर्वी कडेसकट बुजवला होता, हेही त्याला शिडीवरच आठवलं. तो बराच वेळ वरच राहिला.

"झोपलास का रे वर?" खालून झुल्मिरा ओरडली.

"ताई, हे उघडून बघायला हवं," तो उतरून म्हणाला. "सगळी बाजू काढावी लागेल. फळी बदलावी लागेल बहुतेक."

"उघडून म्हणजे?"

"उघडून म्हणजे उघडून. महिना-दीड महिना भिंत मोकळी राहील. परवानगी काढावी लागेल, नगरपालिकेचा माणूस येऊन बघेल..."

"आणि त्यानं सज्ज्यावर बंदीचा कागद चिकटवला म्हणजे? मुकुट काय नागड्या भिंतीच्या घरात घेऊ? अख्खं गाव येणार माझ्याकडे!" तिचा आवाज चढला. "खरं सांगू आदेलिनो? तुझं नाव निघालं नाही म्हणून तुझ्या पोटात दुखतंय. जन्मभर लोकांची भोकं बुजवलीस, बहिणीच्या घरालाच तेवढी तुला भिंत उघडायची आहे!"

आता यावर माणसानं काय करावं? ठणकावून सांगावं, की ताई, तुझं घर कुजलंय, आणि त्यात माझाही हात आहे. आदेलिनोनं मूग गिळले. त्याला आयुष्यभर झाकायचीच सवय, उघडायची नाही. घराच्या बाजूची पट्टी आणली, तुकडा बेतला, बहिणीकडूनच केस वाळवायचं यंत्र मागून ओलं लाकूड वरवर सुकवलं, डिंक सोडला, दाबला. कडही बुजवली. संध्याकाळी झुल्मिरा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, "कळतसुद्धा नाही रे! हात सोन्याचे आहेत तुझे." सणापर्यंत निभावेल, मग बघू, असं त्यानं स्वतःला समजावलं. वेळ मारून नेणारी माणसं सगळी हेच म्हणतात.

पण भिंत ऐकेना. पावसाची झड येऊन गेली की पट्टी पोट सुटल्यासारखी फुगायची. आदेलिनो लवकर येऊन ती कापून काढायचा, पुन्हा डिंक, पुन्हा दाब. दुसऱ्यांदा फुगली तेव्हा काढलेल्या तुकड्याच्या पाठीला लाकडाचा काळा लगदा चिकटून आला. तिसऱ्यांदा त्यानं बोटीच्या कामाला वापरतात तो जहाल डिंक आणला आणि रस्त्यापासून पट्टीपर्यंत वासा तिरका टेकवून ती दिवसभर दाबून धरली. ती पट्टी मात्र बसली. बसली म्हणजे कशी, तिच्यावर हातोडी मारा.

एकदा झुल्मिरा दारापुढची पायरी झाडत होती. "तुझा भुसा किती दिवस पडतोय रे?" ती म्हणाली. "रोज झाडते, रोज पडतो."

पायरीवर बारीक, पिवळसर भुसा होता. आदेलिनोनं त्या घरात लाकडाला करवत लावलीच नव्हती. त्यानं मान वर करून सज्ज्याच्या मुळाकडे पाहिलं. लाकूड कोरणारी एक मोठी काळी मुंगी निवांतपणे फटीत शिरत होती. "पडेल अजून थोडा," तो म्हणाला आणि झाडू तिच्या हातातून घेऊन स्वतः झाडू लागला.

मुकुट आला. लिद्यानं आईच्या, वरच्या बैठकीत पांढऱ्या साटिनची पायऱ्यापायऱ्यांची वेदी उभारली, फुलांनी भरली, सर्वांत वर चांदीचा मुकुट ठेवला. रोज संध्याकाळी जपमाळेला माणसं लोटायची. बायका आत, आणि पुरुष सिगारेट ओढायला सज्ज्यात. आदेलिनो दाराशी पहारेकऱ्यासारखा उभा. "अरे, आत चला, देव आत आहे, बाहेर डास आहेत!" म्हणून हाकायचा. कुणी म्हणायचं, "डिंक्या, तुझ्या बहिणीचा सज्जा आहे, तुझा नाही." तो हसायचा. त्या हसण्यात काही राम नव्हता. जेवण तर त्याचं तुटलंच होतं. गोड पावाचा तुकडा हातात तसाच धरून बसायचा.

शेजारचा जिल्बेर्तो बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. कानाचा तिखट माणूस. एका संध्याकाळी सज्ज्यातून आत येत तो झुल्मिराला म्हणाला, "झुल्मिराबाई, तुमचा सज्जा कुरकुरतो हो. म्हाताऱ्या बाईचे गुडघे वाजावेत तसा."

"म्हातारी कोण रे?" तिनं त्याला हाणलं, पण माणसं गेल्यावर भावाला वेदीपुढे घेऊन गेली. "आदेलिनो, माझ्याकडे बघ. भिंत ठीक आहे ना?"

"आहे की."

"तसं नाही. मुकुटावर हात ठेव आणि सांग."

हीच ती वेळ होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. लाज वाटली असती, पण चार भिंतींच्या आत वाटली असती. आदेलिनोनं हात वर केला. बोटांच्या पेरांत डिंकाचे वाळलेले थर होते, कितीही घासले तरी न जाणारे. त्यानं ती बोटं चांदीला टेकवली आणि म्हणाला, "मी लावलेली पट्टी सुटणार नाही, ताई."

बघा हं शब्द. खोटं एकही नाही. तिनं जे विचारलं ते त्यानं सांगितलं नाही आणि जे सांगितलं ते तिला हवं होतं तसं तिनं ऐकलं. तिनं त्याच्या गालाला हात लावला. "तुझ्यावर उगाच संशय घेतला रे मी. पोटात दुखतंय म्हणाले तेही विसर."

शनिवारी शेवटची जपमाळ झाली. उद्या गावाला वाढायच्या सुपासाठी बायका स्वयंपाकघरात गोमांसाचे तुकडे करत होत्या, पुदिना निवडत होत्या, गप्पांना ऊत आला होता. बाहेर अजून उजेड होता. आदेलिनो बैठकीत एकटा होता. सज्ज्याचं दार त्यानं लावलं, खिशातून डिंकाची नळी काढली आणि दाराच्या चारी कडांना आतून रेघ ओढली. तोच जहाल डिंक. सकाळी दार उघडणार नाही, लोक म्हणतील पावसानं फुगलं, म्हातारी खिडकीतून फुलं उधळेल, मिरवणूक जाईल, कुणाची लाज जाणार नाही. इतकं सोपं आधी कसं सुचलं नाही, असं त्याला वाटलं. त्या रात्री म्हणे त्याला आठवड्यात पहिल्यांदा झोप लागली.

रविवारी रस्ता माणसांनी फुलला. बँड दारापुढे उभा राहिला. लिद्या पांढरा पोशाख करून, हातात मुकुट घेऊन, खालच्या दारात, अगदी त्या सज्ज्याखाली उभी. ज्या पोरीसाठी नवस केला तीच मुकुट धरणार, हे झुल्मिराचं केव्हाचं ठरलेलं. दुखऱ्या गुडघ्यांमुळे तिला स्वतःला चालत जाणं जमणार नव्हतं. ती वर, गुलाबाच्या पाकळ्यांची टोपली घेऊन. आदेलिनो समोरच्या फुटपाथवर होता, नवी टोपी घालून. बँडनं पवित्र आत्म्याचं गाणं धरलं आणि सगळ्यांनी वर पाहिलं.

सज्जा रिकामा. दाराच्या काचेआड झुल्मिरा मूठ धरून दार ढकलताना दिसली. मग तिच्यामागे दोन पुरुष दिसले. मग तीन. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं. आदेलिनोनं सगळा विचार केला होता, एवढाच तेवढा राहिला होता. फुगलेलं दार उघडायला आमचे पुरुष काय करतात? खांदे लावतात. दिवसच असा होता, की कुणीही जीव खाऊन खांदा लावला असता.

पहिला धक्का बसला. बँडच्या आवाजात तो ऐकू आला नाही, पण आदेलिनोला दिसला. सज्ज्याच्या मुळाशी सगळी भिंत हलली आणि पायरीवर, लिद्याच्या डोक्यावर, भुसा पडला. लिद्याला वाटलं पाकळ्या. ती वर बघून हसली.

आदेलिनो ओरडला. कुणाला ऐकू जाणार? दुसरा धक्का बसला. तो गर्दी तुडवत धावला, जिल्बेर्तोच्या हातातला ढोलाचा दांडा हिसकावून घेतला आणि ढोलावर दोन्ही हात टाकून आडवा पडला. एकेक करत बँड विस्कटला, थांबला. अख्खी गल्ली चिडीचूप.

"सज्ज्यावर जाऊ नका!" त्याचा आवाज चिरकला. "भिंत कुजलीय! फळी कुजलीय! मला ठाऊक होतं, मी वरून डिंक लावलाय! दारालाही मीच लावलाय! लिद्या, हो बाजूला, हो म्हणतो ना!" आणि त्यानं धावत जाऊन भाचीला मुकुटासकट दंडाला धरून रस्त्यावर खेचलं. माणसं भराभर मागे सरली. रस्ता मोकळा झाला.

वर तिसऱ्या धक्क्यानं दार उघडलं होतं. खांदे लावणाऱ्या पुरुषांनी ते शब्द ऐकले आणि उंबऱ्याशीच खिळले. एकानं तर दुसऱ्याला मागे ओढलं. त्यांना बाजूला सारत झुल्मिरा पुढे आली. काळा पोशाख, केसांना फणी, हातात टोपली. तिनं खाली भावाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा रागानं लाल झाला.

"ताई, मागे हो! तुझ्या पाया पडतो!"

"आज कुजली होय रे भिंत?" ती वरून म्हणाली. गल्लीतल्या प्रत्येकानं ते ऐकलं. "माझ्या दिवशीच? दाराला डिंक लावलास, अरे, तेवढ्यानं पोट भरलं नाही तुझं? मुकुटावर हात ठेवून सांगितलंस ना मला? मी ते खरं धरू, की आजचं हे?"

"आजचं धर! ताई, आजचं धर!"

"देवापुढचं ते खरं," झुल्मिरा म्हणाली आणि बाहेर पाऊल टाकलं.

दोन पावलं ती नीट गेली. कठड्याशी पोचली, टोपलीत हात घातला, मूठ उधळली. पाकळ्या अजून हवेत होत्या. मग सज्जा भिंतीपासून सुटला. फार मोठा आवाज नाही झाला. ओला पाव मोडतो तसा.

पाद्री चर्चच्या दारातून पळत आले, तोवर सगळं संपलं होतं. नवस तेवढा पुरा झाला, असं आमच्यातली काही माणसं म्हणतात. मला ते बोलणं ऐकवत नाही. लिद्या रस्त्याच्या मध्यावर मुकुट छातीशी धरून उभी होती आणि तो कुणाकडे द्यावा हे तिला कळत नव्हतं.

आदेलिनो ढिगाऱ्यात गुडघ्यांवर बसला होता. आम्हाला वाटलं, बहिणीला धरून बसलाय. जवळ गेलो तर नाही. भिंतीतली ती फळी सज्ज्याबरोबर खाली आली होती, भिजलेल्या बिस्किटासारखी भुसभुशीत, आत मुंग्यांची नुसती वळवळ. आणि तिच्यावर त्याची पट्टी होती, कुठं रेघ नाही, कुठं फट नाही. तो ती नखांनी उचकटत होता. बोटांतून रक्त आलं तरी थांबेना. जिल्बेर्तोनं त्याला काखेत हात घालून उठवलं, तेव्हाही ती सुटली नव्हती.